करवतीचं दुसरं टोक

रुखमाबाईंनी उभ्या आयुष्यात चालती करवत दोनदाच सोडली. पहिल्यांदा पोटात कळ आली तेव्हा. सकाळी सोडली आणि दुपारी मुलगा झाला. दुसऱ्यांदा सोडली ती बोंडअळीच्या सालानंतरच्या उन्हाळ्यात, आणि त्या वेळेस कळ पोटात नव्हती, डोक्यात होती.

चिखली-खामगाव रस्त्यावर, उंद्रीच्या अलीकडे, फाट्यापासून कोसभर आत त्यांचं गाव. नवरा जानराव, जातीनं आणि हातानं सुतार. मोठं लाकूड चिरायची करवत एकट्याची नसते. चार हात लांब पातं, ते बाभळीच्या चौकटीत ताणून बसवलेलं. लाकूड घोडीवर तिरपं चढवायचं, एकानं वर उभं राहून ओढायचं, दुसऱ्यानं खाली बसून. वरच्याला रेघ दिसते. खालच्याच्या डोळ्यात भुसा जातो. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी सासरे वारले आणि खालची जागा रिकामी झाली. गडी ठेवण्यासारखं घर नव्हतं. रुखमाबाईंनी पदर डोक्यावरून घेतला, तोंडावर आवळला आणि खाली जाऊन बसल्या. बत्तीस वर्षं त्या तिथंच होत्या. गावातल्या बायांनी आधी नावं ठेवली, मग त्यांना सवय झाली, मग त्याच बाया आपापल्या सुनांना सांगू लागल्या की बघा, सुताराची रुखमा कशी राबते. एकीचं कौतुक करून दुसरीला कामाला जुंपायचं, हे गावाला बरं जमतं.

त्या चिरलेल्या लाकडाच्या पेरणीच्या तिफणी व्हायच्या, वखर व्हायचे, तण काढायचे डवरे, बैलगाड्या व्हायच्या. जानरावांची तिफण पाच गावांत मागितली जायची. खाली तीन फण, फण ज्यात बसतात तो बाभळीचा जाड ठोकळा, त्याला दिंड म्हणतात, आणि वर सागाचं चाडं. चाडं म्हणजे बियाणं सोडायची लाकडी वाटी. तिच्या तळाला तीन भोकं, भोकांना तीन नळ्या. दाणा नळ्यांतून खाली तीन ओळींत पडतो. चाड्यावर मूठ धरते ती घरची बाई. दाणा पातळ पडायचा की दाट, ते तिच्या मुठीत असतं. म्हणून नव्या तिफणीला आधी हळदकुंकू, ओटी, आणि मग शेत. पेरणीच्या दिवशी मूठ धरणारी न्हाऊन, उपाशीपोटी येते. तिफण कोणी ओलांडत नाही. तिला खरकटा हात लावत नाहीत. रुखमाबाईंच्या सासूनं हे सांगितलं होतं आणि त्यांनी ते मानलं होतं, जसं तुळशीला पाणी घालणं मानलं होतं.

मग पाकिटातली सरकी आली. एवढं महागाचं बी तिफणीतून कोण सोडतो? बायांनी दोरी धरून वाकून चालायचं आणि एकेक दाणा बोटानं मातीत टोबायचा. तिफणी गोठ्याच्या छपराला टांगल्या गेल्या. पाठोपाठ ट्रॅक्टर आले, गाड्या उन्हापावसात पडून राहिल्या. जानरावांकडे लोक कुऱ्हाडीचा दांडा बसवायला येऊ लागले, लाटणं करून न्यायला येऊ लागले. मुलगा खामगावला टेम्पो चालवायला गेला. करवत गोठ्यात खुंटीला लटकली, वर्षातून एखादं खोड आलं तरच खाली उतरायची. ओळीनं पंधरा वर्षं एकच पीक, आणि पंधराव्या वर्षी त्याच पिकाच्या बोंडात गुलाबी अळी. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत कुजका कापूस. गावानं उभ्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, गुरं घातली.

आणि त्याच गावातला, किसनरावांचा मुलगा गजेंद्र मोठा झाला होता. चिखलीत त्याचं कृषी केंद्र. त्या साली त्यानं आधी बी विकलं, मग अळीचं औषध विकलं, त्यानं भागलं नाही म्हणून दुसरं औषध विकलं. पीक बुडालं, दुकान नाही बुडालं. लोक फोडलेली बोंडं घेऊन दुकानात गेले तेव्हा त्यानं सांगितलं की तुमची फवारणीच उशिरा झाली, आणि जाताना प्रत्येकाच्या हातात कंपनीची एकेक टोपी दिली. गावानं त्या टोप्या घातल्याही. रुखमाबाईंना पीक बुडाल्याचं दुःख होतं, पण राग आला तो त्या टोप्यांचा.

चैत्रातल्या एका गुरुवारी गजेंद्रची पांढरी गाडी त्यांच्या अंगणात उभी राहिली. चिखलीत बंगला बांधून झाला होता, वैशाखात वास्तुशांतीचा मुहूर्त होता. त्याला जेवायचं टेबल हवं होतं, आठ माणसांचं. कुठल्याशा मोठ्या हॉटेलात त्यानं तसलं पाहिलं होतं.

"खिळा नको, काका. गोंद नको. जुनं काम पाह्यजे, कुसू काढून, घर पाडून. तुमच्याशिवाय ते कोणाले जमत नाही आता."

लाकडाच्या टोकाला जीभ काढतात ते कुसू, आणि ते ज्या भोकात बसतं ते घर. आरपार बसवायचं आणि पलीकडून पाचर मारायची. नीट मारली तर माणूस जातो, सांधा जात नाही. आणि तीच पाचर उलटी ठोकली की सगळं सुटून हातात येतं. जानरावांनी हे काम बापाकडून घेतलं होतं आणि दहा वर्षांत कोणी त्यांना ते मागितलं नव्हतं. त्यांनी पेन्सिल उचलून कानावर ठेवली. रुखमाबाईंनी ओट्यावरून ते पाहिलं. गजेंद्र म्हणाला, लाकूड मी धाडतो.

दोन दिवसांनी ट्रॉली आली. कडूनिंबाचं एक वाळलेलं खोड, दोन मोडक्या गाड्या, आणि वर आडवीतिडवी टाकलेली एक तिफण. मागोमाग गजेंद्र. रुखमाबाई जवळ गेल्या. लाकूड ज्यानं खालून ओढलंय त्याला ते विसरता येत नाही. कुठं गाठ लागली होती, कुठं पातं अडलं होतं, हाताला आठवत असतं. त्या तिफणीचा मधला फण कडूनिंबाचा होता, कारण त्या साली बाभूळ संपली होती. आणि चाड्याच्या काठाला एका बाजूला खोलगट खाच होती, बांगड्या घासून घासून पडलेली. पाच गावांत तसं चाडं एकच होतं. जयमालाचं.

जयमाला म्हणजे उकंडरावांची बायको. दोन साल पिकानं मार खाल्ला तेव्हा उकंडराव जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात कामाला गेले आणि शेत तिच्या अंगावर आलं. लग्न होऊन आली तेव्हा सोळा वर्षांची होती, पण पहिल्याच पेरणीला तिची मूठ अशी सरळ चालली की म्हातारी माणसं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी राहून बघत होती.

गजेंद्रनं चाडं हातात घेऊन फिरवलं. हे टेबलाच्या मधोमध असंच बसवा म्हणाला. त्यात लोणच्याच्या, चटणीच्या वाट्या राहतील, पाहुणे बघत राहतील. बाकीची तिफण चिरून टाका, दिंडाचं लाकूड लोखंडासारखं आहे.

"चाडं उष्ट्यात मांडतं का कोणी, गजेंद्र?" रुखमाबाई म्हणाल्या.

तो हसला. "काकू, त्याच्यात आता देव कुठं राह्यला? देव आता पाकिटात हाय."

आणि गाडीत बसून गेला. त्याची आई आशाबाई याच गावात चाड्यावर मूठ धरून म्हातारी झाली होती, आणि त्याच मुठीवर हा पोसला होता. रुखमाबाईंनी सगळ्या लाकडावर ताडपत्री ओढली, कारण ते बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जयमालाच आली, चाळणी मागायला. ओट्यावर टेकली आणि बोलत बसली. ह्या साली पऱ्हाटी नाही म्हणाली. पाकीटच आणायचं नाही. दोन एकरांत ज्वारी आणि तूर, घरच्या बियाण्याची, तिफणीनं. बैलजोडी भाऊ देणार आहे. तिफण तेवढी गजेंद्रभाऊ घेऊन गेले आहेत, चिखलीत शेतीचं प्रदर्शन आहे म्हणून. अक्षय्य तृतीयेच्या आत आणून देतो म्हणाले. "मावशी, परत आली का काकांना एकदा दाखवून घेईन. मधला फण थोडा हालून राह्यला."

ताडपत्री तिच्यापासून दहा पावलांवर होती. रुखमाबाईंनी चाळणी दिली. वर मूठभर शेंगा बांधून दिल्या. आपल्या अंगणात, आपल्या नवऱ्याच्या भरवशावर ती चोरी येऊन पडली आहे, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? जयमाला फाटकापर्यंत गेली, वळून हसली, आणि रुखमाबाईंना वाटलं की ह्यापेक्षा तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी जानरावांनी घोडीवर लाकूड चढवलं, करवत लावली. चार ओढी झाल्या. पाचव्या ओढीला खालचं टोक सुटलं. करवत वाकडी होऊन लाकडात रुतली आणि जानराव पडता पडता वाचले.

"काय झालं वं?"

रुखमाबाई उभ्या राहिल्या. तोंडावरचा पदर सोडला. त्यांनी सगळं सांगितलं, प्रदर्शनाचं, ज्वारीचं, हालणाऱ्या फणाचं. जानरावांनी ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, पण शब्द दिला की तो पाळायचा, एवढंच त्यांना येत होतं. ते म्हणाले की लाकूड त्यानं आणलं, कुठून आणलं ते त्यानं बघावं, आपण कारागीर. किसनरावांनी आपल्याला वाईट दिवसांत जेवू घातलंय. आता मुहूर्तावर नाही कसं म्हणायचं?

"टेबल करा. मी कुठं नाही म्हणते? तिफण चिरायची नाही. चिरायची असंल तं खाली दुसरं कोणी बसवा."

दुसरं कोणी नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. जानरावांनी बराच वेळ गाड्यांची लाकडं उलटीपालटी केली, बोटांनी मापली आणि म्हणाले की तिफणीशिवाय भागेल. रुखमाबाईंनी तिफणीचे भाग एकेक करून घरात नेले, कणगीच्या मागं उभे केले, वरून गोधडी टाकली. चाडं धुऊन पुसून देवघराखाली ठेवलं. मग खाली येऊन बसल्या आणि करवत चालू झाली.

राग मात्र गेला नाही. काम करून राग जातो असं जे म्हणतात, त्यांनी बत्तीस वर्षं करवत ओढलेली नसते. त्यांचा राग ओढीगणिक वाढत गेला. आपण ओढायचं, भुसा आपल्या डोळ्यात, आणि त्यावर बसून जेवणार कोण? उरलेले बाभळीचे तुकडे जानराव एका बाजूला रचून ठेवायचे, रुखमाबाई ते रोज चुलीत घालायच्या. त्या माणसाच्या लाकडाची ढलपीसुद्धा घरात नको.

जानराव तिकडे हरखून गेले होते. सकाळी पटाशीला धार लावायची, दुपारपर्यंत घरं पाडायची. कुसू घालून बघायचं, काढायचं, रंध्याचा एक हात फिरवायचा, परत घालायचं. सांधा बसला की अंगठ्यानं दाबून बघायचे आणि स्वतःशीच मान हलवायचे. कडूनिंबाच्या फळ्या एकीत एक अशा खाचेत बसवल्या की वरून हात फिरवला तर जोड कळू नये.

मग पायांची उंची ठरवायची वेळ आली. जानरावांनी आयुष्यात टेबलावर बसून अन्न खाल्लं नव्हतं. त्यांची सगळी मापं अंगाची. वखराचा दांडा माणसाच्या हनुवटीला, जू बैलाच्या खांद्याला, तसं टेबल जेवणाऱ्याच्या कोपराला. त्यांनी अंगणातली सुंभाची खाट ओढली, रुखमाबाईंना तिच्यावर बसवलं आणि हात पुढं करायला सांगितलं.

खाट जुनी होती, सुंभ सैल झाला होता. माणूस बसला की चार बोटं खाली जायचा. खुर्ची तशी जात नाही. रुखमाबाई बचत गटाच्या बैठकीला पंचायतीत जायच्या, तिथं खुर्चीवर बसायच्या, समोरच्या टेबलावर अंगठा न देता सही करायच्या. त्यांना हे माहीत होतं. जानरावांना माहीत नव्हतं.

"एवढ्यावर ताट ठेवलं तं हात नीट जाते का?"

त्या दिवशी एकादशी होती. पहाटे त्यांनी दिवा लावला होता, पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं.

"हाव. बरोबर हाय," रुखमाबाई म्हणाल्या.

जानरावांनी काडीवर खूण केली आणि त्या मापानं चारही पाय कापले.

मुहूर्ताच्या दोन दिवस आधी टेबल टेम्पोतून चिखलीला गेलं. जानराव-रुखमाबाई सोबत. बंगल्यात पाहुणे आले होते, फरशी आरशासारखी होती. आशाबाई भिंतीशी सतरंजीवर बसून पोथी वाचत होत्या. टेबल मध्ये ठेवलं तेव्हा बघणारे गप्प झाले, इतकं ते देखणं होतं. मग दुकानातून आणलेल्या आठ खुर्च्या मांडल्या. गजेंद्र पहिल्यांदा बसला. गुडघे आडव्या पट्टीला आपटले. तो उठला, परत बसला, परत आपटले. त्यानं सगळ्यांकडे बघितलं.

"काका, म्हशीची गव्हाण केली काय?"

पाहुणे हसले. टेम्पोवाला दारात उभा होता, तोही हसला. जानराव खाली बसले, खुर्चीच्या बैठकीला हात लावला, टेबलाच्या पट्टीला लावला, बोटं धरून बघितली. चार बोटं कमी पडत होती. ते उठले तेव्हा त्यांच्या कानावरची पेन्सिल हातात होती.

"माझं चुकलं," ते म्हणाले.

रुखमाबाईंनी ते दोन शब्द लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ऐकले. त्यांना वाटलं होतं, गजेंद्रचं तोंड उतरेल. त्या तोंडासाठीच त्या खोटं बोलल्या होत्या. उतरलं ते जानरावांचं.

गजेंद्र अजून बोलतच होता. परवा सकाळच्या आत उंच झालं तर ठीक, नाही तर गव्हाण घेऊन जा, आणि मधलं चाडं कुठं आहे?

"चाडं माझ्या घरी हाय. तिफणबी," रुखमाबाई म्हणाल्या. "जिची हाय तिले जाईल."

"मी आणली ती, काकू."

"प्रदर्शनाले म्हणून आणली ना? हे प्रदर्शन काय?"

पाहुण्यांचं हसणं थांबलं. भिंतीशी बसलेल्या आशाबाईंनी मान वर केली. रुखमाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. वीस पेरण्या दोघींनी धुऱ्याला धुरा लागलेल्या आपापल्या रानांत केल्या होत्या. ही एक शब्द बोलली तर पुरे, असं वाटलं. आशाबाईंनी चष्मा सारखा केला आणि पोथीचं पान उलटलं. गजेंद्र म्हणाला की ठेवा ते चाडं, पितळेचं घेतो, पण टेबल परवा पाहिजे.

जानरावांनी पाचरी उलट्या ठोकल्या. सांधे मुकाट्यानं सुटले. चार पाय दोरीनं बांधून दोघं एस.टी.त बसले. कंडक्टर म्हणाला, पाय आणले, खाट कुठं ठेवली? खिडकीबाहेर काळी, उलटी पडलेली रानं. अर्धा रस्ता गेला.

"मी तुले इचारलं होतं," जानराव म्हणाले.

"हाव."

"तू बरोबर हाय म्हणली."

"मी खोटं बोलली. मले मालूम होतं, खाट खाली जाते."

जानरावांनी मांडीवरचे टेबलाचे पाय सरळ केले.

"राग त्याच्यावर होता तं त्याले बोलायचं. माझं माप काऊन मोडलं?"

गजेंद्रला तोंडावर सुनावता आलं नाही म्हणून नवऱ्याच्या हातावर राग काढला. रोज सकाळी देवापुढं हात जोडणारी बाई, आणि एकादशीच्या दिवशी एका शब्दानं घरच्या माणसाचं नाव मातीत घातलं. गजेंद्रनं जयमालाला खोटं सांगून लाकूड नेलं. आपण जानरावांना खोटं सांगून काय नेलं? रुखमाबाईंना स्वतःचा इतका राग आला की गजेंद्रचा राग त्यापुढं लहान वाटला. फाट्यावर उतरल्यावर त्यांनी दोन पाय आपल्या डोक्यावर घेतले. जानरावांनी घेऊ दिले, पण घरापर्यंत ते दहा पावलं पुढं चालले.

इलाज जानरावांना ठाऊक होता. पायांच्या तळाला घर पाडायचं, सहा बोटांचा ठोकळा घ्यायचा, त्यातली दोन बोटं कुसू म्हणून आत, चार बोटं बाहेर, आणि आडवी खुंटी. पण ठोकळा वाळलेल्या बाभळीचा हवा. कडूनिंब फरशीच्या ओलीनं फुगेल. अंगणात बाभळीचा तुकडा नव्हता. रुखमाबाईंनी सगळे चुलीत घातले होते. जानराव कणगीपाशी गेले, गोधडी बाजूला केली. तिफणीचं दिंड तिथं होतं. चांगलं हातभर लांब, लोखंडासारखं. त्यांनी दिंडाला हात लावला नाही. पण परवाचा मुहूर्त होता, आणि आयुष्यभराचं नाव चिखलीच्या फरशीवर पाय काढून पडलं होतं.

रुखमाबाई गोठ्यात गेल्या. खुंटीवरून मोठी करवत उतरवली, ओढत अंगणात आणली, ताण सोडला आणि पातं बाजूला काढलं. उरली नुसती चौकट. दोन उभे दांडे, जुन्या बाभळीचे, हातांनी धरून धरून काळेभोर झालेले.

"हे घ्या."

"बापाच्या हातची चौकट हाय ती."

"हाव. अन् बत्तीस वर्सं माझ्या हातातली हाय. तुमचं माप मोडल्याची भरपाई मी दुसऱ्याच्या तिफणीतून देणार नाही."

"मग चिरायचं कशानं?"

"आता चिरायचं काय राह्यलं? अन् राह्यलं तरी मी खाली बसणार नाही."

जानरावांनी लहान करवत घेतली. पहिला काप त्यांच्याच्यानं होईना. दांडा तर बापाचा होता. रुखमाबाईंनी दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि मान दुसरीकडे केली. चार ठोकळे निघाले.

दुसऱ्या दिवशी जानराव एकटेच चिखलीला गेले. पाय जोडले, पाचरी मारल्या. टेबल उंच झालं, खुर्च्या आत गेल्या, कोणाचे गुडघे आपटले नाहीत. परत येऊन ते म्हणाले की गजेंद्रला खालचा काळा भाग फार आवडला, ही डिझाइन मुद्दाम केली का असं विचारत होता. तुम्ही काय सांगितलं, असं रुखमाबाईंनी विचारलं. काही नाही म्हणाले. रुखमाबाईंच्या घामानं काळं झालेलं लाकूड आता त्याच्या फरशीवर उभं होतं आणि त्याला ती नक्षी वाटत होती. त्यांनी भाकरी इतक्या जोरात थापली की तव्यावर टाकण्याआधीच फाटली.

वास्तुशांतीचं बोलावणं होतं. त्या गेल्या नाहीत. त्याच सकाळी त्यांनी चाडं डोक्यावर घेतलं, जानरावांनी बाकीची तिफण खांद्यावर घेतली, मधला फण आधी घट्ट केला होता, आणि दोघं भर गावातून, टोप्या घातलेल्या माणसांसमोरून जयमालाच्या दारात गेले. रुखमाबाईंनी काही झाकलं नाही. ताडपत्रीचंही सांगितलं.

जयमालानं चाड्याच्या काठावरून बोट फिरवलं, खाच सापडली, तिथं बोट थांबलं.

"म्हणजे मी चाळणी मागायले आली तेव्हा ती तिथंच होती."

"हाव."

"अन् तुम्ही मले शेंगा बांधून देल्या."

रुखमाबाईंनी मान खाली घातली. जयमालानं तिफण आत घेतली, चहाचं विचारलं नाही, दार लावलं. जानराव म्हणाले, चल. गजेंद्रचं नाव गावात त्या दिवसापासून लोक थोडं हळू घेऊ लागले, पण घेत राहिले. बियाणं त्याच्याकडंच मिळत होतं.

मृगाचा पाऊस झाला, वापसा आला, जमीन पेरण्याजोगी झाली. त्या सकाळी जयमालाचा निरोप आला, फक्त एवढाच: न्हाऊन, उपाशी या. रुखमाबाई गेल्या. शेतात बैल जुंपलेले होते, तिफणीला हळदकुंकू लागलं होतं, जयमाला ओटीत ज्वारी-तूर घेऊन उभी होती. शेजारच्या रानांत बाया दोरी धरून, वाकून पाकिटातला दाणा टोबत होत्या.

जयमालानं ओटीतलं बी रुखमाबाईंच्या पदरात ओतलं.

"मावशी, माझा राग गेला नाही. पण पहिली मूठ तुमची."

रुखमाबाई चाड्याशी उभ्या राहिल्या. त्यांचा हात सवयीनं काठाला लागला, आणि दुसरीच्या बांगड्यांनी पाडलेल्या खाचेत मनगट आपोआप बसलं. बैल हलले. त्यांचाही राग गेला नव्हता, ना गजेंद्रवरचा, ना स्वतःवरचा. त्यांनी मूठ सोडली, आणि दाणा सरळ पडत गेला.